तक्रार-नोंदवहीतील शेवटचा रकाना
अखंड गुणवत्तासुधारणा आणि कृती-आराखडा : एका लहान औषधशाळेचा अनुभव

आयुर्वेदीय औषधशाळा चालविणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांच्या कपाटात एक जाड बांधणीची वही असते. तिच्यावर 'बाजारातील तक्रारींची नोंदवही' असे शीर्षक असते. ही वही ठेवणे हा आपल्या इच्छेचा प्रश्न नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील 'शेड्यूल टी' जून २००० मध्ये प्रथम अधिसूचित झाले आणि मार्च २००३ मध्ये सुधारित स्वरूपात आले. त्यानुसार विकलेल्या औषधाविषयी आलेली प्रत्येक तक्रार, तिचा उत्पादकाने केलेला तपास आणि तीच तक्रार पुन्हा उद्भवू नये म्हणून योजलेला उपाय या तिन्ही गोष्टी वहीत नोंदवावयाच्या असतात. दर सहा महिन्यांनी या नोंदी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे सादर करावयाच्या असतात. औषधाने काही दुष्परिणाम झाल्यास त्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावयाची असते.

यांपैकी पहिले दोन रकाने बहुधा भरलेले आढळतात. तिसरा रकाना मात्र कोरा तरी असतो, अथवा त्यात 'योग्य ती काळजी घेण्यात आली' एवढेच वाक्य वर्षानुवर्षे उतरवलेले असते. हे आम्ही दुसऱ्या कोणाविषयी लिहीत नाही. सिन्नर येथील आमच्या लहानशा औषधशाळेच्या वहीत २००७ सालापर्यंत हेच वाक्य होते. त्या रकान्यात खरोखर काय लिहावयाचे असते हे आम्हांला एका चूर्णाने शिकविले. तो अनुभव वैद्यबंधू आणि औषधनिर्माते या दोघांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

परत आलेला डबा

सिन्नर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. नाशिकपासून पुण्याच्या रस्त्यावर जेमतेम तीस किलोमीटरचे अंतर, परंतु इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस येथे येईपर्यंत ओसरलेला असतो. दुष्काळी तालुका अशीच त्याची ख्याती. त्यामुळे औषधशाळेत आर्द्रतेची चिंता करण्याचे कारण नाही, अशी आमची पक्की समजूत होती. आमच्या पुढील चुकीचे बीज या समजुतीतच होते.

२००७ च्या श्रावणात लवणभास्कर चूर्णाविषयी एकापाठोपाठ एक तक्रारी आल्या. चूर्णाच्या गुठळ्या झाल्या होत्या. काही पाकिटांत तर त्याचा एकसंध खडाच झाला होता. त्यांतील एक तक्रार आमच्या जिव्हारी लागली. संगमनेरच्या बाजूला व्यवसाय करणारे एक ज्येष्ठ वैद्य अनेक वर्षे आमच्याकडून औषधे घेत असत. त्यांनी डबा स्वतः आणून मेजावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण हे औषध रुग्णाला देताना आता हात मागे येतो." त्यांच्या एका ग्रहणीच्या रुग्णाने गुठळ्या पाहून 'औषध जुने आहे' असा समज करून घेतला होता. त्याने औषध सोडले आणि त्याबरोबर ताकाचे पथ्यही सोडले.

केवळ दिसण्याचा हा दोष नव्हता. लवणभास्करात सामुद्र, सौवर्चल, विड आणि सैंधव अशी चार लवणे असतात. गुठळी झाली की मिश्रणाची समता बिघडते. एका चमच्यात लवण अधिक, तर दुसऱ्यात शुंठी-मरिचादी द्रव्ये अधिक, असे होते. ज्या रुग्णाच्या रक्तदाबाकडे अथवा शोथाकडे पाहून आपण लवणाची मात्रा मोजून देतो, त्याच्या बाबतीत ही विषमता क्षम्य नाही. चरकाचार्यांनी औषधद्रव्याचे बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत् असे चार गुण सांगितले आहेत. त्यांतील 'संपत्' हा गुण आमच्या पाकिटातून हरवला होता.

पहिला उपाय आणि त्याचे अपयश

आम्ही लगेच उपाय केला. पाकिटाचे प्लॅस्टिक पातळ आहे, असे ठरवून जाड पाकिटे मागविली. परत आलेला माल बदलून दिला. नोंदवहीत 'पाकीट बदलले, योग्य ती काळजी घेण्यात आली' असे लिहून स्वाक्षरी केली. खर्च वाढला, परंतु मन निश्चिंत झाले.

तीन आठवड्यांत जाड पाकिटांतील चूर्णाच्याही गुठळ्या झाल्या. 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आम्ही रुग्णांना अनेकदा ऐकविली होती. आता ती आम्हांलाच लागू पडली.

त्याच सुमारास मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यातील पर्यवेक्षक आमच्याकडे अम्लपित्ताच्या उपचारासाठी येत असत. मेजावरची पाकिटे पाहून त्यांनी विचारले, "डॉक्टर, याचा अॅक्शन प्लॅन कुठे आहे?" आम्ही वही दाखविली. ती वाचून ते हसले नाहीत, एवढेच म्हणाले, "यात तुम्ही काय केलं ते लिहिलंय. का झालं ते कुठेच नाही." दुसऱ्या भेटीत त्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणी वापरला जाणारा सहा रकान्यांचा कोरा कागद आणून दिला. समस्या, मूळ कारण, कृती, जबाबदार व्यक्ती, मुदत आणि पडताळणी, असे ते सहा रकाने होते.

कारखान्यांतील विचार आणि आपले शास्त्र

हा कागद वरवर पाहता परका वाटतो. त्यामागील इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली उत्पादनातील चढउतार पाहण्यासाठी नियंत्रण-आलेख मांडला. त्यांच्या विचाराचा वारसा घेऊन एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये तेथील अभियंते आणि उद्योगप्रमुख यांच्यापुढे व्याख्याने दिली. आखणी करा, अंमल करा, तपासा आणि सुधारून पुन्हा आखा, हे चार टप्प्यांचे चक्र पुढे जपानी कारखान्यांच्या अंगवळणी पडले. काओरू इशिकावा यांनी कारणांची मांडणी माशाच्या काट्यासारख्या आकृतीत करण्याची रीत दिली. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची लहान मंडळे, म्हणजे 'क्वालिटी सर्कल', १९६२ पासून जपानमध्ये रुजली. आपल्या देशात १९८० साली हैदराबादेत भेल या सरकारी कारखान्यात अशा मंडळांचा आरंभ झाला. शेड्यूल टी सुधारित झाले त्याच २००३ साली महिंद्र अँड महिंद्र यांच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. ट्रॅक्टर बनविणाऱ्या जगातील कोणत्याही कंपनीला तो प्रथमच मिळत होता.

परंतु या विचाराचा गाभा आपल्याला नवा नाही. लक्षण आणि हेतू यांतील भेद हा तर आपल्या चिकित्सेचा पहिला पाठ. सुश्रुताचार्यांनी चिकित्सेचे सार सांगताना निदानपरिवर्जनाला अग्रस्थान दिले आहे. लंघन-पाचनाने जिंकलेले दोष पुन्हा उफाळू शकतात, शोधनाने निर्मूळ केलेले उफाळत नाहीत, हा चरकाचा सिद्धांत आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. माल बदलून देणे हे शमन झाले. ज्या कारणाने माल बिघडला ते कारण दूर करणे हे शोधन. नोंदवहीतील शेवटचा रकाना शोधनासाठी आहे, आणि आपण तेथे शमन लिहीत आलो. रुग्णाच्या बाबतीत हेतू शोधल्याशिवाय न थांबणारे आपण, आपल्याच कामाच्या बाबतीत लक्षणावर थांबतो, हे मान्य केले पाहिजे.

मूळ कारणाचा शोध

आम्ही औषधशाळेतील पाचही जणांना एकत्र बसविले. इशिकावा यांच्या आकृतीप्रमाणे माणूस, यंत्र, द्रव्य, पद्धती, मापन आणि परिसर अशा सहा काट्यांवर संभाव्य कारणे लिहिली. त्यानंतर प्रत्येक कारण पुराव्याने तपासले.

पहिला पुरावा आमच्या कपाटातच होता. प्रत्येक घाणाचा राखीव नमुना आम्ही घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ठेवीत होतो. त्या बाटल्या उघडल्या, तर त्यांतही गुठळ्या. काचेतून ओलावा शिरत नाही. याचा अर्थ पाकीट निर्दोष होते आणि चूर्ण भरण्यापूर्वीच ओले झाले होते. ही तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी केली असती, तर जाड पाकिटांचा खर्च वाचला असता.

दुसरा पुरावा वजनकाट्याचा. मिश्रण केल्याबरोबर घेतलेला नमुना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरण्यापूर्वी घेतलेला नमुना, असे दोन्ही १०५ अंश सेल्सिअस तापमानाला वाळविले. वाळविल्यावर होणारी वजनातील घट सकाळच्या नमुन्यात स्पष्टपणे अधिक आली. ओलावा रात्री शिरत होता.

मिश्रण रात्रभर का थांबत होते? त्या काळी आमच्या भागात रोज अनेक तासांचे भारनियमन असे. दुपारी वीज असेपर्यंत दळण आणि मिश्रण उरकले जाई. संध्याकाळी वीज जाई आणि पाकिटे बंद करण्याचे यंत्र थांबे. मग तयार चूर्ण मोठ्या परातींत पसरून, धूळ पडू नये म्हणून त्यावर स्वच्छ धुतलेले सुती फडके टाकून सकाळची वाट पाहिली जाई. ही व्यवस्था आम्हीच घालून दिलेली होती आणि स्वच्छतेच्या दृष्टीने तिचा आम्हांला अभिमानही होता.

येथे आमच्या पाकीट-विभागातील मावशी बोलल्या. सिन्नर हे विडी-उद्योगाचे जुने केंद्र. मावशींनी आयुष्याची बरीच वर्षे विड्या वळण्यात घालविली होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, विडीचं पान कोरडं असलं की मोडतं. म्हणून आम्ही ते भिजवून ओल्या फडक्यात ठेवायचो, म्हणजे मऊ राहायचं. तुम्ही चूर्ण रातभर फडक्याखाली ठेवता, ते पानासारखंच दमणार न्हाई का?"

सभा क्षणभर स्तब्ध झाली. पावसाळ्यात नीट न वाळलेले फडके आणि त्याखाली लवणयुक्त चूर्ण! धुळीपासून रक्षण करणारे वस्त्रच ओलाव्याचे वाहक झाले होते. मावशींना ही गोष्ट केव्हापासून ठाऊक होती, असे विचारता त्या म्हणाल्या, "मागच्या पावसाळ्यापासून. पण मला कुणी इचारलंच न्हाई." हे वाक्य आम्ही त्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवले आहे. जो हात काम करतो, त्याला बैठकीत स्थान नसेल, तर आराखडा अपुराच राहतो.

पुढे पंधरा दिवस एक साधा आर्द्रतामापक भिंतीला टांगून दिवसातून तीन वेळा नोंदी घेतल्या. सकाळी आर्द्रता बहुतेक दिवशी ८० टक्क्यांच्या वर असे. दुपारी दोन-तीनच्या सुमारास ती ७० च्या खाली येई. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या पुढे हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. सामुद्र लवणात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असल्याने ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओलसर होते. 'सिन्नरची हवा कोरडी' हे वर्षाच्या सरासरीचे सत्य होते. श्रावणातल्या सकाळचे नव्हते.

आराखडा कसा लिहिला

आमच्या आराखड्याचा पहिला मसुदा सांगण्यासारखा आहे, कारण तो पूर्णपणे निरुपयोगी होता. कृतीच्या रकान्यात 'सर्वांनी ओलाव्याबाबत दक्ष राहावे', जबाबदारीच्या रकान्यात 'सर्व कर्मचारी' आणि मुदतीच्या रकान्यात 'तातडीने' असे आम्ही लिहिले होते. 'सात सुगरणी, भाजी अळणी' अशातला तो प्रकार. दक्ष राहणे ही कृती नव्हे. ती झाली की नाही हे कोणालाही पाहता येत नाही. ज्या कामापुढे सर्वांचे नाव असते, ते कोणाचेच नसते.

दुसऱ्या मसुद्यात प्रत्येक ओळ अशी लिहिली की, त्रयस्थाला ती झाली वा न झाली हे एका दृष्टिक्षेपात कळावे :

१. चारही लवणे मिश्रणाच्याच दिवशी मंद आचेवर कोरडी करावीत आणि झाकणबंद डब्यातच थंड होऊ द्यावीत. जबाबदार : निर्माण-सहायक. आरंभ : पुढील घाणापासून.

२. घाण निम्म्याने लहान करावा. एका वीज-कालावधीत जेवढे मिसळून, भरून, बंद होईल तेवढेच घ्यावे. जबाबदार : आम्ही स्वतः.

३. मिश्रण दुपारी बारानंतरच सुरू करावे; तेही आर्द्रतामापकावर ७० पेक्षा कमी आकडा असेल आणि भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढील दोन तास वीज असेल तरच. आकडा आणि वेळ घाणाच्या नोंदपत्रकावर लिहावी. जबाबदार : निर्माण-सहायक.

४. मध्येच वीज गेल्यास उरलेले चूर्ण परातीत न ठेवता घट्ट झाकणाच्या पोलादी डब्यात भरावे. फडके वापरू नये. जबाबदार : मावशी. फडके दिसल्यास काम थांबविण्याचा अधिकारही त्यांचाच.

५. प्रत्येक घाणाची वाळविल्यावरची वजनघट पाकिटे भरण्यापूर्वी मोजावी. राखीव नमुना पंधराव्या, तिसाव्या व साठाव्या दिवशी उघडून पाहावा आणि निष्कर्ष लिहावा. जबाबदार : तपासणी पाहणारे सहकारी.

६. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्धा तास बैठक घेऊन या पाच ओळींचा आढावा घ्यावा.

एक सूचना आम्ही विचारांती नाकारली, तिचाही उल्लेख करावयास हवा. पावसाळाभर पुरेल एवढे चूर्ण वैशाखातच करून ठेवावे, असे एका सहकाऱ्याने सुचविले होते. व्यवहाराच्या दृष्टीने ते सोपे होते. परंतु शार्ङ्गधराचार्यांच्या मते चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावते. गुटी-अवलेहांना त्यांनी वर्षाची मर्यादा दिली आहे आणि आसवे व रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणाढ्य मानले आहेत. कायद्यात चूर्णाची मुदत याहून दीर्घ मानली असली, तरी ओलावा टाळण्यासाठी शिळेपणा पत्करणे आम्हांला पटले नाही. एक दोष घालविताना दुसरा उत्पन्न करणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हेही आपलेच शास्त्र सांगते.

घाण लहान केल्याने मजुरी वाढली, हे खरे. पहिल्या महिन्यात आमचे मन दोनदा मागे फिरले. तेव्हा आम्ही परत आलेल्या मालाची किंमत, जाड पाकिटांचा वाया गेलेला खर्च आणि तुटलेली मागणी कागदावर मांडली. वाढीव मजुरी त्याहून पुष्कळच कमी भरली. परत न आलेल्या रुग्णाची किंमत तर त्या हिशेबात धरताच आली नव्हती.

पडताळणी : एक पावसाळा थांबावे लागते

आराखड्यातील सर्वांत दुर्लक्षित रकाना पडताळणीचा. कृती पूर्ण झाली म्हणजे आराखडा पूर्ण झाला, असे आपण मानतो. वस्तुतः औषध दिले म्हणजे रोग गेला असे आपण म्हणत नाही. पुढच्या भेटीची तारीख देतो. आमच्या समस्येचा काळ पावसाळा होता, म्हणून खरी पडताळणी २००८ च्या श्रावणातच शक्य होती. तोपर्यंत आम्ही कागदावर 'पूर्ण' हा शब्द लिहिला नाही.

त्या पावसाळ्यात राखीव नमुने साठाव्या दिवशीही सुटे राहिले. संगमनेरकडील ज्येष्ठ वैद्यांकडे आम्ही स्वतः नवा डबा आणि सोबत आराखड्याची प्रत घेऊन गेलो. त्यांनी डब्यापेक्षा कागद अधिक काळजीपूर्वक वाचला. मागणी लगेच आली नाही, दिवाळीनंतर आली.

तरीही भाद्रपदात एक तक्रार आलीच. तपास केला तेव्हा औषधशाळेतील सर्व नोंदी निर्दोष आढळल्या. दोष पुढच्या टप्प्यात होता. तक्रार करणाऱ्या वैद्यमित्रांच्या चिकित्सालयात मोठा डबा दिवसातून अनेकदा उघडला जाई आणि चूर्ण वर्तमानपत्राच्या पुड्यांत महिन्याभरासाठी बांधून दिले जाई. औषधाची गुणवत्ता औषधशाळेच्या दारात संपत नाही. ती रुग्णाच्या तळहातापर्यंत टिकली तरच टिकली.

म्हणून दुसरा आराखडा आम्ही वैद्यमित्रांबरोबर बसून लिहिला. लवण, क्षार अथवा शर्करा असलेली चूर्णे पावसाळ्यात लहान बांधणीतच घ्यावीत. डबा उघडल्याची तारीख डब्यावर लिहावी. चमचा कोरडा असावा. आणि पावसाळ्यात अशा चूर्णाच्या पुड्या सात दिवसांपेक्षा अधिक देऊ नयेत, दिल्यास हवाबंद पिशवीत द्याव्यात. चार ओळींचा हा आराखडा आमच्या दर डब्यासोबत छापील चिठ्ठीच्या रूपाने आजही जातो.

पुढे काही वर्षांनी भारनियमन ओसरले. तरीही आमचे सहायक वेळापत्रक नसताना 'दोन तास वीज' हा रकाना निमूटपणे भरीत राहिले. एका आढाव्यात ते ध्यानात आल्यावर ती अट काढून टाकली, निरार्द्रीकरण यंत्र घेतले आणि आर्द्रतेची मर्यादा अधिक कडक केली. ऋतू बदलला की चर्या बदलावी लागते. ज्या आराखड्याचे कारण उरले नाही तो चालू ठेवणे हीसुद्धा हानीच. कारण निरर्थक रकाना भरण्याची सवय लागली की सार्थ रकानाही त्याच यांत्रिकपणे भरला जातो. 'अखंड' सुधारणा याचा अर्थ आम्ही असा समजतो.

तपासणी म्हणजे सुधारणा नव्हे

येथे एक शंका संभवते. शेवटी प्रयोगशाळेत तपासून चांगला तोच माल सोडला, तर एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांपैकी बॉस्टन परिसरातून घेतलेल्या ७० उत्पादनांतील १४ मध्ये जड धातू आढळल्याचे २००४ च्या डिसेंबरात तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. शिसे, पारद, सोमल आणि कॅडमियम यांच्या मर्यादा आपणांस ठाऊक आहेतच. ही तपासणी आवश्यक आहे. परंतु तपासणी सदोष घाण केवळ अडविते. तो सदोष का झाला हे सांगत नाही. वनस्पती कोणत्या जमिनीतून आली, कोठे सुकविली, त्याच यंत्रात आधी काय दळले होते, हे प्रश्न विचारून त्यांवर कृती केली नाही, तर पुढचाही घाण अडेल. तपासणी म्हणजे नाडीपरीक्षा. नाडी पाहिल्याने ज्वर उतरत नाही.

वैद्यबंधूंसाठी दोन शब्द

स्वतः औषध तयार करून केवळ आपल्याच रुग्णांना देणाऱ्या आणि बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना उत्तम उत्पादन पद्धतीच्या प्रमाणपत्रातून सूट आहे. ही सूट प्रमाणपत्रापुरती आहे, जबाबदारीतून नव्हे. उलट त्यांच्याकडे तपासनीस येत नसल्याने स्वतःचे तपासनीस त्यांनाच व्हावे लागते.

चिकित्सालयातही हाच सहा रकान्यांचा कागद चालतो. स्नेहपान सुरू करून शोधनापूर्वीच येणे थांबविणारे रुग्ण, बस्तीसाठी वेळेवर तयार नसणारा काढा, दोन सारख्या नावांच्या गुटींची होणारी अदलाबदल, यांपैकी एकच समस्या निवडावी. तीन-चार समस्या एकदम घेऊ नयेत, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो; दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही सात आराखडे लिहिले आणि त्यांतील एकही तडीस गेला नाही. निवडलेल्या समस्येची महिनाभर केवळ नोंद ठेवावी, उपाय करू नये. नोंद हाती आल्यावर, जो प्रत्यक्ष काम करतो त्याला, मग तो परिचारक असो वा औषध देणारा मुलगा असो, प्रथम बोलू द्यावे. कारण सापडले असे वाटले की ते खोटे ठरविण्याचा प्रयत्न करावा, जसा आमच्या काचेच्या बाटलीने पाकिटाचा सिद्धांत खोटा ठरविला. मगच कृती लिहावी, एका व्यक्तीचे नाव लिहावे, तारीख लिहावी आणि पुन्हा पाहण्याचा दिवस ठरवावा.

आमच्या नोंदवहीत २००७ च्या त्या पानावर 'योग्य ती काळजी घेण्यात आली' हे वाक्य अद्याप आहे. ते खोडलेले नाही, कारण नोंदी खोडावयाच्या नसतात. त्याच्या खाली वेगळ्या शाईत पुढील वर्षाच्या तारखेने एक ओळ आहे : 'कारण : रात्रभर उघडे मिश्रण व ओले फडके. फडके बंद. घाण निम्मा. साठ दिवसांचा नमुना सुटा.' नव्या सहायकाला काम शिकविताना आम्ही त्याला प्रथम हे पान दाखवितो.

वाचकांनी आपापल्या वहीतील शेवटचा रकाना एकदा उघडून पाहावा, आणि तेथे काही लिहिण्याजोगे सापडल्यास आपला अनुभव या पत्रिकेकडे अवश्य पाठवावा. एका औषधशाळेची चूक दुसरीला टाळता आली, तर आपल्या संघटनेचे ते खरे कार्य ठरेल.